डॉक्टर माझ्यात कधीच राहिले नाहीत

मी फ्लॅट बोलतोय. घर म्हणू नका, ते माझ्या मालकांनाच चालत नाही. ते मला ‘युनिट’ म्हणत. “ते पाचव्या मजल्यावरचं युनिट,” असं फोनवर सांगताना त्यांचा आवाज इतका कोरडा असे, की दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी असा माझा धडधाकट देह नसून मी गोदामातलं एखादं खोकं आहे असं मलाच वाटू लागे.

माझा नंबर पाचशे चार. माणसांबद्दल माझं मत विचाराल तर फारसं बरं नाही. भिंतींना कान असतात ही म्हण तुम्हीच केलीत, आणि आपल्या सगळ्या लबाड्या भिंतींना टेकून उभे राहून तुम्हीच बोलता. मग आम्ही ऐकायचं नाही तर काय करायचं?

माझा जन्म व्हायच्या आधी मी दोनदा विकला गेलो होतो. आज मी उभा आहे तिथे तेव्हा एक खड्डा होता, खड्ड्यात पाणी होतं आणि पाण्यात बेडूक होते. त्या बेडकांच्या डोक्यावर पन्नास फुटांवर, जिथून फार तर एखादी घार जात असेल, तो हवेचा तुकडा एका कापडवाल्याने ‘बुक’ केला. सहा महिन्यांनी त्याने ती हवा एका निवृत्त इंजिनियराला नफ्यात विकली. इंजिनियराने ती वर्षभर सांभाळली, म्हणजे तिचा नकाशा कपाटात ठेवला, आणि पुढे विकली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं पूर्वी हसून म्हणत. आता तुरी पेरायच्या आधीच डाळीचा नफा वाटून झालेला असतो आणि कोणी हसत नाही.

कागदावर माझं माप हजार फूट. टेप लावाल तर सातशे तीस भरेल. उरलेला मी कुठे आहे? तर म्हणे जिन्यात, लिफ्टमध्ये आणि खालच्या चार कुंड्यांच्या बागेत. माझा एक हात जिन्यात आणि एक पाय गाड्यांच्या तळावर पडलाय हे ऐकून मला कित्येक दिवस स्वतःची कीव येत होती. मग कळलं, प्रत्येक मजल्यावर तेच सांगितलंय. एकच जिना चाळीस जणांना विकला होता. चाळीसही जण शिकलेले होते.

तिसरे मालक म्हणजे डॉक्टर. दातांचे. ताबा घ्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्या भिंतींवर बोटाच्या पेराने टकटक केलं, बाथरूमच्या फरशा नखाने खरवडून पाहिल्या, नळाच्या तोंडात टॉर्च मारला. आता ‘आ करा’ म्हणतील असंच वाटलं. सगळं ठीक असल्याचं पाहून त्यांनी दार ओढून घेतलं. त्यांच्या जुडग्यात माझ्यासारख्या सात फ्लॅटच्या किल्ल्या होत्या, ओळखायला प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. माझा दोरा करडा.

दोन वर्षांत ते पाच वेळा आले. एकदाही बसले नाहीत. खुर्ची नव्हती हे खरं, पण खिडकीला चांगला रुंद कट्टा होता, आणि सकाळी त्याच्यावर ऊन यायचं. ऊन यायचं आणि जायचं. माझ्या आत कोंदट वास धरला, सिंकमधल्या जाळीवर मुंग्यांनी वस्ती केली. मुंग्या निदान राहत तरी होत्या.

त्यांच्याबरोबर दलाल यायचा. हसरा माणूस, कायम एका कानात फोन.

“डॉक्टर, दर चढतोय. बसल्या बसल्या पैसा.”

“मी कुठे बसतोय? दिवसभर लोकांच्या तोंडावर वाकून उभा असतो.”

“म्हणून तर म्हणतो, आता बसा.”

“हात चालतोय तोवर चाललंय रे. हा हात एकदा थरथरायला लागला की माझ्यासमोर कोण तोंड उघडून बसेल?” असं म्हणून त्यांनी उजवा हात समोर धरला. दोघांनी तो पाहिला. हात स्थिर होता. पण डॉक्टरांचे डोळे नव्हते. त्या माणसाबद्दल मला कीव वाटली असे जे दोन प्रसंग आहेत, त्यातला हा पहिला.

पुढच्या खेपेला त्यांनी करसल्लागाराला आणलं. हा माणूस बोलताना पेनचं टोपण चावायचा आणि त्यामुळे डॉक्टर सारखे त्याच्या दातांकडे बघायचे. त्याने नियम सांगितला. गुंतवणूक म्हणून घेतलेलं घर विकलं तर नफ्यावर कर भरायचा. पण माणूस स्वतः त्या घरात सलग तीन वर्षं राहिला आणि मग ते विकलं, तर कर माफ. राहत्या घराला सवलत आहे.

“मग मी इथे राहतो,” डॉक्टर म्हणाले.

“कधीपासून?”

“ते तुम्ही सांगा, कधीपासून राहायला हवं.”

सल्लागाराने टोपण तोंडातून काढलं. “कागदावर राहून भागत नाही हो. कोणी बघायला आलं तर माणूस राहिल्याच्या खुणा दिसाव्या लागतात.”

त्या रविवारी डॉक्टर खुणा घेऊन आले. एका मोठ्या पिशवीत दोन जुने शर्ट, एक चपलांचा जोड, काडी तुटलेला चष्मा, अर्धवट संपलेलं खोकल्याचं औषध आणि एक उशी. शर्ट खिळ्याला, चपला दाराशी, चष्मा कट्ट्यावर. मग वर्षाचा आकडा दिसेल असा वीजबिलाचा कागद भिंतीला टाचणीने लावला. कोण लावतं हो घरात वीजबिल भिंतीला?

पाण्याचा मीटर फिरायला हवा म्हणून त्यांनी मोरीतला नळ अर्धा तास सोडून दिला. पाणी सरळ गटारात चाललं होतं, आणि ते खिडकीशी उभे राहून फोनवर कोणाला तरी चूळ नीट भरायला सांगत होते. दिव्याला आपोआप लागणारं बटण बसवलं. संध्याकाळी सातला दिवा लागे, दहाला विझे. खालून बघणाऱ्याला वाटे, डॉक्टर आले. डॉक्टर तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या बंगल्यात जेवत असत. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे हे ऐकून होतो. दातांचे डॉक्टर असल्यावर तर काय, हवे तितके संच.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलंही असतं. पण रिकामा फ्लॅट म्हणजे दर महिन्याचं नुकसान, ही कीड एकदा लागली की मुळापर्यंत जाते. इथे राहतो असं दाखवायचं होतं, आणि भाडंही खायचं होतं. एके दिवशी दलाल तिला घेऊन आला.

कडेवर आठ महिन्यांची मुलगी, खांद्याला फुगलेली पिशवी, कपाळावर आठी. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. आधीच्या घरमालकाने घर विकलं म्हणून हिला पंधरा दिवसांत दुसरं छप्पर शोधायचं होतं. आत आल्यावर तिने छत पाहिलं नाही की फरशी ठोकली नाही. ती मुलीला घेऊन खाली बसली आणि मुलीच्या उंचीवरून मला बघू लागली. प्लग कुठे आहेत, दारांना कोपरे किती, बाल्कनीच्या दोन गजांमधून डोकं जाईल का. गजांत तिने स्वतःची मूठ घालून पाहिली, मग पुन्हा घालून पाहिली. दोन वर्षांत मला कोणी बसून पाहिलं नव्हतं.

“भाडं रोख,” डॉक्टर म्हणाले. “महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः येईन. करारबिरार नको.”

“करार नको?”

“कागद आला की अविश्वास आला. तुम्ही सुशिक्षित आहात.”

शिकलेल्या माणसाला गप्प करायचा याहून स्वस्त उपाय नाही. ती गप्प झाली.

“दारावर नाव लावू नका. इथल्या पत्त्यावर काही मागवू नका. माझं थोडं सामान आहे ते हलवू नका. आणि कोणी विचारलं तर मी तुमचा मामा.”

“मामा?”

“आईचा भाऊ,” डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

ती राहायला आली आणि मला नव्याने कळलं की माणसं किती आवाज करतात. कुकर, बादली, अंगाई, पडलेलं झाकण, झाकणापाठोपाठ रडणं. ती स्वतः मात्र पाहुण्यासारखी वावरायची. भिंतीला एक खिळा ठोकला नाही. मुलगी भिंत धरून उभी राहू लागली तशी तिच्या तेलकट पंजांचे ठसे माझ्यावर उमटू लागले, तर ही रोज ओल्या फडक्याने ते पुसायची. मला ते ठसे आवडायचे, पण मला कोण विचारतं.

काळजी हा तिचा दुसरा श्वास होता. गॅस बंद केला का हे ती तीनदा बघायची, आणि आपण तीनदा का बघतो याची चौथ्यांदा काळजी करायची. नवऱ्याचा फोन लागला की म्हणायची, “मी जरा जास्तच काळजी करते का रे?” पलीकडून समुद्र खरखरायचा आणि तो म्हणायचा, “जरा?”

ती घरी बसून एका विमा कंपनीचे अर्ज तपासायची. कुठला रकाना रिकामा राहिलाय, कुठे तारीख चुकलीय, कुठे सही जुळत नाही, हे हुडकणं हेच तिचं काम. मुलगी झोपली की ती कट्ट्यावर बसून शेकडो लोकांच्या पत्त्याचे रकाने बघायची. आणि लसीच्या दवाखान्यात, पाळणाघराच्या चौकशीत, स्वतःच्याच मुलीच्या अर्जावर पत्त्याचा रकाना आला की तिचा हात थांबायचा. मालक रविवारी येऊन ‘निघा’ म्हणाले तर निघावं लागणार होतं. एवढ्या मोठ्या इमारतीत तिचं असं काहीही कुठेही लिहिलेलं नव्हतं.

एका रविवारी डॉक्टर आले तर त्यांच्या दाखवायच्या चपलेची किनार मुलगी चावत बसलेली. ही घाबरली. “अहो, मी धुऊन ठेवते, लक्षच नव्हतं…” डॉक्टर मात्र उकिडवे बसले. हात धुऊन आले, पुन्हा बसले, आणि करंगळीने मुलीच्या हिरड्या चाचपल्या. “खालचे दोन आलेत. वरचे महिन्याभरात. जागा छान आहे, सरळ येतील.” त्या मिनिटभरात त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब नव्हता. कीव आली तो दुसरा प्रसंग हा. म्हटलं, बाबा, तुला हे एवढं छान येतं, तर तू हेच का करत नाहीस?

तेवढ्यात तिने धीर केला. “डॉक्टर, त्या कराराचं बघाल का? पाळणाघरवाले पत्त्याचा पुरावा मागतात.”

“मामा म्हणा,” डॉक्टर उठून उभे राहिले. “सवय राहू द्या.”

असे चौदा महिने गेले. मग दलालाने गिऱ्हाईक आणलं, माझी किंमत ठरली, आणि डॉक्टर पहिल्या रविवारची वाट न बघता बुधवारीच आले.

“पंधरा दिवसांत मोकळं करा. व्यवहार ठरलाय.”

ती वाटी विसळत होती. नळ तसाच चालू राहिला. “पंधरा दिवसांत कुठे जाऊ?”

“दलाल बघेल काहीतरी. आणि उद्या करखात्याच्या एक बाई येणार आहेत, मी इथे राहतो ना हे बघायला. तेवढं भाची म्हणून उभ्या राहा. मग आवराआवर करा.”

म्हणजे घरातून हाकलायचं, आणि हाकलायच्या आधी खोटं बोलायला दारात उभं करायचं. मी बऱ्याच भिंतींशी बोललोय, पण याहून कोडगा माणूस कोणी पाहिल्याचं ऐकलेलं नाही. ते गेल्यावर तिने नवऱ्याला फोन केला. लागला, पण अर्धवट.

“खोटं नको बोलूस,” तो म्हणाला.

“तुला सोपंय. खरं बोलले आणि उद्याच बाहेर काढलं तर?”

“मी तिथे असतो तर…”

“नाहीयेस ना,” ती म्हणाली, आणि मग तो फोन कटलाच.

दुसऱ्या दिवशी अकराला करखात्याच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, पाच मजले चढून दमलेल्या, कारण चाळीस जणांना विकलेली लिफ्ट त्या दिवशी बंद होती. डॉक्टर आणि करसल्लागार आधीच येऊन थांबले होते. डॉक्टर तर माझ्यात पहिल्यांदा ऐसपैस बसले होते, उशीला टेकून, घरच्यासारखे.

बाईंनी शर्ट पाहिले. चष्मा उचलून तुटकी काडी हलवली, ठेवला. बाथरूममध्ये गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “डॉक्टर, इथे दोनच ब्रश आहेत.”

एक मोठा होता, आणि एक बोटाएवढा, दांड्यावर बदक असलेला.

“तुम्ही दातांचेच डॉक्टर ना?”

“हो, म्हणजे मी दवाखान्यात घासतो.”

“रोज उठून? तोंड तसंच घेऊन?” बाई बाहेर आल्या. “बरं, ह्या कोण?”

“भाची. माझी भाची आहे.”

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. “हो का?”

“ते तसं म्हणतात,” ही म्हणाली.

“आणि तुम्ही काय म्हणता?”

हिने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. “मी दर महिन्याला भाडं देते,” ती म्हणाली. “भाची भाडं देत नसावी. बहुतेक.”

“करार आहे?”

“नाही. मागितला होता.”

डॉक्टर म्हणाले की मुलगी लहान असल्यामुळे हिची झोप होत नाही, ही गोंधळलीय. बाईंनी फायलीतून एक कागद काढला. “तळ्याकाठचं घर तुमचंच ना? तिथेही तुम्ही तीन वर्षं सलग राहताय. हीच तीन वर्षं. दुसऱ्या सल्लागारांच्या सहीने अर्ज आलाय.”

झालं होतं असं, की एकाच माणसाला सगळं कळू नये म्हणून डॉक्टरांनी दोन सल्लागार ठेवले होते. दोघांनीही आपापल्या परीने चोख सल्ला दिला होता, आणि डॉक्टरांनी दोन्ही पाळले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. खोटेपणा उघडा पडल्याचं सल्लागाराला तेवढं वाटलं नाही. तो टोपण तोंडात तसंच ठेवून डॉक्टरांकडे वळला, “दुसरे सल्लागार?” नवऱ्याचं बाहेर काही चाललंय हे चारचौघांत कळावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

“पंधरा दिवस देते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कुठल्या घरात राहत होता ते ठरवा आणि लेखी कळवा. तोवर हे विकता येणार नाही.”

त्या गेल्यावर डॉक्टरही जिना उतरून निघून गेले. हिने दिवसभर खोकी भरली, मग निम्मी रिकामी केली, मग रडली. आपण बोललो ते बरोबर बोललो का, हे ती मुलीला विचारत राहिली. मुलगी ‘बदक’ म्हणत राहिली.

सहाव्या दिवशी दाराची बेल वाजली. डॉक्टर, सल्लागार आणि मिठाईचा पुडा. बेल वाजवायचं त्यांना पहिल्यांदाच सुचलं होतं. एरवी किल्ली लावत.

“कशा आहात, ताई?” डॉक्टर म्हणाले. भाचीची ताई झाली होती.

सल्लागाराने सांगितलं. तळ्याकाठचं घर मोठं, त्याच्यावरचा नफा मोठा, तेव्हा डॉक्टर तिथेच राहत होते असं ठरलं होतं. मग पाचशे चार उघडपणे भाड्याने दिलेलं होतं असं दाखवावं लागणार, भाड्यावरचा कर आणि दंड भरावा लागणार. आणि त्यासाठी भाडेकरू लागणार, कागदावरचा. “म्हणून करार करून आणलाय. तुम्हाला हवाच होता ना? नुसती इथे सही करा.”

चौदा महिने जो कागद म्हणजे अविश्वास होता, तो आता मिठाईसोबत आला होता. तिला नुसती सही करायची होती. तिचे हात पुढे झाले, आणि मी मनात म्हटलं, कर बाई, कर, मिळतंय तेवढं घे.

पण तिने कागद कट्ट्यावर नेला. उजेडात धरला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, ओळीखाली बोट ठेवून, जशी ती परक्यांचे अर्ज वाचायची.

“ही तारीख चौदा महिन्यांपूर्वीची आहे.”

“तुम्ही तेव्हापासूनच राहताय की,” डॉक्टर म्हणाले. “त्यात खोटं काय?”

“राहतेय ते खरंय. सही आजची आहे.” तिचं बोट तारखेवरच होतं. “त्या बाईंनी मला विचारलं, करार आहे का. मी नाही म्हटलं. आता हा आधीचा निघाला तर खोटी मी ठरेन. तुम्ही नाही.”

सल्लागाराने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. “हे बरोबर आहे,” तो म्हणाला. त्याला जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं.

“मग काय हवंय तुम्हाला? भाडं कमी करू?”

“भाडं तेवढंच राहू द्या. आजची तारीख घाला. आधीचे चौदा महिने मी काय दिलं ते वेगळं लिहा, मी सही करते. आणि पुढची तीन वर्षं मला इथून कोणी उठवायचं नाही, घर विकलं तरी. सरकारी नोंदणी करून.”

“तीन वर्षं? भाडेकरू आत असलेलं युनिट घेतं कोण? किंमत पडते हो.”

“मला त्यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. “पण भाचीसाठी मामा एवढं करत असावेत. बहुतेक.”

सल्लागाराला ठसका लागला. टोपण घशात जाता जाता वाचलं.

नोंदणी झाली. डॉक्टरांनी कर भरला, दंड भरला, आणि पडलेल्या किमतीला मला विकून टाकलं. चपला न्यायला विसरले. नवा मालक मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यानेही मला. परदेशात कुठेतरी असतो, फोटो बघून घेतला म्हणे, तोही खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा. भाडेकरू आत आहे हे कळल्यावर त्याने दलालाला फक्त विचारलं, वेळेवर देते का.

आता त्या तीन वर्षांतले सोळा महिने गेलेत. मुलगी पूर्ण वाक्यं बोलते. भिंतीवर तीन खिळे आहेत, एकाला तिचं दप्तर. हातांचे ठसे पुसायचं तिच्या आईने सोडून दिलंय. एवढ्यावर संपवलं असतं तर माझी गोष्ट गोड झाली असती. पण मला माणसांबद्दल काय वाटतं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.

गेल्या आठवड्यात दलाल येऊन गेला. “वहिनी, करार संपल्यावर काय? पुन्हा पळापळ? त्यापेक्षा एक छोटंसं बुक करून ठेवा. आत्ता नुसता पाया खणतायत, म्हणून हा दर.” त्याने गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रं ठेवली. ती तिने दोन दिवस पाहिली नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झोपल्यावर पाहिली, आणि मग नवऱ्याला फोन लावला. या वेळी स्वच्छ लागला.

“खूप लांब आहे रे, रस्ताही नाही अजून. आपण राहायला नाही जायचं. नुसतं घेऊन ठेवायचं.”

“मग राहणार कोण तिथे?”

“कोणीतरी राहील की.”

ती हे सहज म्हणाली, आणि माझ्या भिंतींना गारठा आला. आवाज तिचाच होता, कपाळावरची आठीही तीच. डॉक्टरांनी हात समोर धरला होता तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती, तीच हिच्या डोळ्यांत. तुम्हा लोकांना घरं हाव विकत घ्यायला लावते असं मी समजत होतो. हाव नंतर येते. आधी ही भीती येते. या बाईला तुच्छ मानायला मी फार प्रयत्न केला, पण जमलं नाही. तुम्हाला जमलं तर बघा.

मला हात नाहीत, मी ते रंगीत कागद फाडू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. दोन-चार वर्षांनी तुमच्यापैकी कोणी मूल कडेवर घेऊन घर शोधत त्या बाजूला गेलात, आणि एक बारीकशी, आठी घातलेली बाई दार उघडून म्हणाली की करार कशाला, आपण सुशिक्षित आहोत, तर तिथेच उभं राहून कागद मागा. मिळाला की तारीख वाचा. ती चांगली बाई आहे. तरी मागा.